अजाईलच्या मूळ तत्त्वांकडे परतायचं, तर आधी काय सोडायचं?

नीलमोहर
पुण्यात सॉफ्टवेअर लिहिण्यात चौदा वर्षं गेली, त्यातली दहा 'अजाईल' टीममध्ये, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करून दाखवत, बदलत पुढे जायच्या पद्धतीत. मागच्या आठवड्यात आमचा स्प्रिंट रिव्ह्यू झाला, म्हणजे एका ठरावीक टप्प्यात (स्प्रिंटमध्ये) झालेलं काम दाखवायची बैठक. दोन तास, कॉलवर बावीस माणसं. आम्ही केलेली स्क्रीन ज्या गोदामात रोज वापरली जाणार, तिथलं मात्र कुणीच नव्हतं. दहा वर्षांत वापरणारा माणूस मी दोनदा पाहिलाय.

त्या रात्री अजाईलचा मूळ जाहीरनामा पुन्हा वाचला. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, यूटामधल्या स्नोबर्डला सतरा जण जमले आणि चार वाक्यांवर त्यांचं एकमत झालं. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर. कराराच्या घासाघीशीपेक्षा ग्राहकाबरोबर मिळून काम. आखलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. जोडीला बारा तत्त्वं. त्यात स्टँडअप (रोजची छोटी बैठक) नाही, स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा) नाहीत, स्क्रम मास्टर ('स्क्रम' या अजाईल पद्धतीत टीमला वाट दाखवणारा) नाही. ते सगळं वेगवेगळ्या पद्धतींतून आलं, आणि आपण तेच धरून बसलो.

आमच्याकडे दर स्प्रिंटला चाळीस पॉइंटांचं टार्गेट असतं. त्यामुळे तीनचं काम आम्ही पाचचं सांगायला लागलो. आलेख वर चढतो, गोदामातल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. सातवं तत्त्व सरळ सांगतं की प्रगतीचं मुख्य माप म्हणजे चालणारं सॉफ्टवेअर.

माझं म्हणणं असं, की तीन महिने पॉइंट बंद करावेत. दर दोन आठवड्यांनी एका खऱ्या वापरकर्त्यासमोर बसावं आणि त्याच्या बोलण्यावरून पुढचं काम ठरवावं. तुम्हाला काय वाटतं?

जुनापीएम
कळकळ पोचली, पण मी पीएम, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर, टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून विरोधात लिहितो. आपल्या सेवा कंपन्यांची पुष्कळ कामं फिक्स्ड बिडवर चालतात. व्याप्ती, तारीख आणि रक्कम तिन्ही सही होण्याआधीच ठरलेली. दुसरं तत्त्व म्हणतं, उशिरा आलेल्या बदलाचंही स्वागत करा. करू की. त्याचे पैसे कोण देणार? गोदामातला माणूस म्हणाला, "हा रकाना इथे नको," तर तुमच्यासाठी तो संवाद आहे, माझ्यासाठी चेंज रिक्वेस्ट, म्हणजे ठरलेल्या कामात बदलाची रीतसर मागणी. ती मंजूर व्हायच्या आत तुम्ही काम केलंत, तर तोटा माझ्या प्रोजेक्टच्या खात्यावर पडतो.

स्नोबर्डला जमलेले बरेच जण आपापल्या पद्धतीचे प्रवर्तक होते. आपण दोन कंपन्या आणि दहा-साडेदहा तासांचं अंतर मध्ये ठेवून काम करतो. आणि पॉइंट गेले, तर वरचे तास मोजायला लागतील. ते बरं वाटेल का?

मुळशीकर
मी टेस्टर. पीएमसाहेब, करार तुमच्या हातात नाही हे मान्य. पण कराराला हातही न लावता होण्यासारखं बरंच होतं, तेही झालं नाही. आमच्या टीमच्या रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायच्या बैठकीत, "टेस्ट एन्व्हायर्न्मेंट (तपासणीसाठीची वेगळी यंत्रणा) आठवड्यातून दोन दिवस बंद असतं" हा मुद्दा ओळीने सहा वेळा लिहिला गेला. पिवळ्या चिठ्ठीवर, मग ऑनलाइन बोर्डवर, मग एक्सेलमध्ये. शेवटी लिहिणाऱ्यानेच लिहिणं सोडलं. बारावं तत्त्व नुसतं मागे वळून बघा म्हणत नाही, त्याप्रमाणे वागणं बदला असंही म्हणतं.

मला सगळ्यात जास्त खंत नवव्या तत्त्वाची आहे, तांत्रिक गुणवत्तेकडे सतत लक्ष देण्याच्या. त्या सतरा जणांत एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीचे केंट बेक होते, रॉन जेफ्रीज होते. आधी टेस्ट लिहिणं, दोघांनी मिळून कोड लिहिणं, दिवसातून अनेकदा कोड एकत्र करून तपासणं ही त्यांची शिस्त. आपण मीटिंगा तेवढ्या उचलल्या. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कोड माझ्याकडे येतो कामाच्या नवव्या दिवशी संध्याकाळी. टेस्ट आपोआप चालत नसतील, तर बदलाचं स्वागत कुठल्या भरवशावर करायचं? प्रत्येक बदलाने मागचं काहीतरी मोडणारच.

अनुस्वार
मी दोघांच्याही पुढे जातो. मूळ तत्त्वांकडे परतायची गरजच काय? खुद्द सह्या करणाऱ्यांनी हात टेकले. डेव्ह थॉमस यांनी २०१४ मध्ये 'अजाईल मेलं' असं लिहिलं. जेफ्रीज यांनी २०१८ मध्ये डेव्हलपरांना अजाईल सोडून द्यायला सांगितलं. ज्या चार वाक्यांना दोन दिवसांच्या प्रमाणपत्रापासून हजारो माणसांच्या आराखड्यांपर्यंत काहीही चिकटवता येतं, ती वाक्यंच ढोबळ आहेत. वाक्य कुणालाच अडवत नसेल, तर त्याला तत्त्व कसं म्हणायचं?

नीलमोहर
अनुस्वार, थॉमस यांनी टाकून दिला तो विकाऊ झालेला शब्द. त्याच लेखात ते काम कसं करावं हे सांगतात: आपण कुठे आहोत ते बघा, ध्येयाकडे एक छोटं पाऊल टाका, जे कळलं त्याप्रमाणे दिशा सुधारा, पुन्हा तेच करा. आणि दोन वाटा सारख्याच वाटल्या, तर पुढचा बदल सोपा करणारी वाट धरा. जेफ्रीजही लादलेलं अजाईल सोडा म्हणतात, जाहीरनाम्यातला विचार धरून ठेवा म्हणतात. दैनिक स्टँडअपचे ते तीन ठरीव प्रश्न (काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय) २०२० च्या स्क्रम गाइडमधून, म्हणजे स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेतून, काढून टाकलेत. आमच्याकडे आजही हजेरीसारखे विचारले जातात.

पीएमसाहेब, मोठं आणि सरकारी काम असं चालत नाही म्हणाल, तर अमेरिकेच्या तपास यंत्रणेचं, एफबीआयचं, उदाहरण आहे. तपासाच्या फायली संगणकावर ठेवायची त्यांची 'व्हर्च्युअल केस फाइल' ही प्रणाली सुमारे १७ कोटी डॉलर घालवून २००५ मध्ये सोडून द्यावी लागली. मग तिच्या जागी 'सेंटिनल' या प्रणालीचं काम सुरू झालं, तेही रखडलं. २०१० मध्ये काम अजाईल पद्धतीने करायचं ठरलं आणि २०१२ मध्ये ते वापरात आलं.

जुनापीएम
हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. २०१० मध्ये एफबीआयने काम कंत्राटदाराकडून स्वतःच्या हातात घेतलं आणि माणसं बरीच कमी केली. म्हणजे निर्णय घेणारा, पैसे देणारा आणि बांधणारा एका छताखाली आले. आधी व्यवहार बदलला, म्हणून छोट्या पावलांना वाव मिळाला. आपल्या टीमला तो अधिकार कोण देणार?

नेकारकाठ
मी जर्मनीत, श्टुटगार्टला, ग्राहक कंपनीच्या बाजूने असते. आमचं काम पुण्यातली एक टीम करते. मराठी असून त्या टीममधल्या एकाही डेव्हलपरशी वर्षभर बोलणं झालं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी चाळीस स्लाइड यायच्या, सगळं हिरवं. आमच्या वर्कशॉपमधल्या कामगारांनी ते सॉफ्टवेअर बंद ठेवून कागदावर नोंदी सुरू केल्या, तरी स्लाइड हिरव्याच.

शेवटी मी हट्टाने अर्धा तास मागून घेतला. दोन डेव्हलपर, एक कामगार, स्क्रीन शेअर, दुभाषी मी. पहिल्या दहा मिनिटांत कळलं की हातमोजे घालून ते बटण दाबताच येत नाही. करारात त्या बटणाच्या आकाराबद्दल अक्षरही नव्हतं, म्हणून चेंज रिक्वेस्टही लागली नाही. जुनापीएम, ग्राहकाला भेट नको असते असं तुम्ही गृहीत धरताय. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

मुळशीकर
हातमोजे! हे कुठल्या टेस्ट केसमध्ये आलं असतं? मी तरी लिहिलं नसतं.

अनुस्वार
नेकारकाठ, हे पटलं. पण तो अर्धा तास तुमच्या हट्टामुळे मिळाला. तुम्ही नोकरी बदललीत की तोही जाईल. म्हणून माझा आग्रह आहे की हे करारातच लिहा: इतक्या दिवसांनी, इतका वेळ, प्रत्यक्ष वापरणारा माणूस हजर. मग ते वाक्य खरंच कुणालातरी अडवेल.

जुनापीएम
लिहिता येईल. पुढच्या महिन्यात एका कराराचं नूतनीकरण आहे, त्यात मी हे कलम सुचवतो. पण माझी भीतीही सांगतो. कॉलवर डेव्हलपर पटकन म्हणतो, "हे दोन दिवसांत होईल," आणि ग्राहक ती तारीख लिहून घेतो. उत्तर मला द्यावं लागतं. याला काय करायचं?

नीलमोहर
तारीख कॉलवर द्यायचीच नाही. ऐकायचं, विचारायचं, आणि दुसऱ्या दिवशी टीमने मिळून सांगायचं. हे मी माझ्या टीमला आजच कळवते. तुमचं कलम मान्य झालं, तर मसुदा इथे नक्की टाका. आमच्या मॅनेजरला दाखवायला मला तो हवा आहे.