‘सेन्सर फ्यूजन’ला मराठीत काय म्हणाल?

जंगलाच्या नकाशांवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि ‘फ्यूजन’पाशी अडकलेय. लेझर स्कॅनिंगची, म्हणजे लिडारची, माहिती कॅमेरा आणि रडारच्या माहितीबरोबर वापरायची, एवढाच अर्थ आहे. ‘विलीनीकरण’ लिहून ठेवलंय, पण खटकतंय.

—

खटकायलाच हवं. विलीन झालेलं वेगळं काढता येत नाही. इथे प्रत्येकाचं म्हणणं शेवटपर्यंत वेगळंच राहतं. लिडारच्या एकाच झोताचं पहिलं परावर्तन शेंड्यावरून येतं, शेवटचं बहुधा जमिनीवरून. मधलं अंतर म्हणजे झाडाची उंची. पण झाड हिरवंगार आहे की वाळत चाललंय, ते अवरक्त प्रकाश टिपणारा कॅमेरा सांगणार. आभाळ भरून आलं की दोघंही हात टेकतात, तिथे रडार कामाला येतं. मी तरी ‘सांगड’ म्हणेन.

—

‘सांगड’ला माझंही मत. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून केलेला तराफा, हाही त्या शब्दाचा जुना अर्थ. बांधल्या तरी होड्या दोनच राहतात! फक्त ‘संवेदक-सांगड’ असला जोडशब्द करू नका, जीभ अडखळते. ‘लिडार आणि कॅमेऱ्याच्या माहितीची सांगड घालून’ असं सरळ लिहा.

—

त्याच लेखात ‘रजिस्ट्रेशन’ही भेटेल. त्याचं ‘नोंदणी’ करू नका. मी एकदा केलं होतं; तपासणाऱ्याने समासात लिहिलं, ‘फॉर्म कुठे मिळेल?’ तिथे हवी ‘जुळवणी’: दोन्ही माहितींतलं तेच ठिकाण एकमेकांवर बसवणं. खरी मारामारी तिथेच असते. नासाच्या जेडाय या अंतराळातल्या लिडारचा ठिपका जमिनीवर साधारण २५ मीटर व्यासाचा, आणि त्याची जागा सुमारे १० मीटरने चुकू शकते. सेंटिनल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रातला बारीकातला बारीक चौकोन १० मीटरचा. म्हणजे ठिपका एक घर सरकला, की झाडाची उंची शेजारच्या गवताच्या नावावर!

—

सांगड आणि जुळवणी, दोन्ही घेतले. आता ‘पॉइंट क्लाउड’ला, म्हणजे लिडारने टिपलेल्या असंख्य बिंदूंच्या त्रिमितीय संचाला, ‘बिंदुमेघ’ चालेल?

—

चालेल. फक्त त्याच परिच्छेदात हवामान आणू नका, नाहीतर ‘दाट मेघांमुळे बिंदुमेघ मिळाला नाही’ असं वाक्य होईल. आणि ते खरंही असेल.