मॅचची गोळी हरणाला चालते म्हणणाऱ्यांसाठी

आडवा वारा

गेल्या आठवड्यात या फोरमवर एकाने लिहिलं होतं : "टार्गेटला वेगळी आणि हरणाला वेगळी गोळी हा निव्वळ कंपन्यांचा धंदा आहे. मी ६.५ क्रीडमूर काडतुसाच्या रायफलमध्ये एकच १४० ग्रेन वजनाची मॅच गोळी, म्हणजे नेमबाजी स्पर्धेची गोळी, वापरतो. हजार यार्डांवर लागते ती हरणाला लागणार नाही का?" खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग लागली. तीन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

लागेल हो. लागण्याबद्दल कुणाची तक्रारच नाही. कागदाला भोक पडलं की गोळीचं काम संपतं. हरणात ती शिरते तिथून तिचं काम सुरू होतं, आणि त्या कामासाठी मॅच गोळी बनवलेलीच नसते. बऱ्याच मॅच गोळ्यांच्या टोकाला भोक दिसतं म्हणून लोकांना वाटतं की त्या उमलणार, म्हणजे मांसात शिरल्यावर फुलासारख्या पसरणार. ते भोक कशाचं आहे? शिशाभोवतीचं कवच, म्हणजे जॅकेट, बुडाकडून बंद ठेवतात, शिसं पुढून भरतात आणि मग टोक आवळतात. आवळताना जे उरतं ते भोक. बूड एकसारखं यावं, गोळी नेमकी जावी, एवढाच हेतू. गोळ्या बनवणारे सिएरावाले स्वतःच त्यांची मॅचकिंग ही मॅच गोळी शिकारीला वापरू नका म्हणतात, त्यासाठी त्यांची गेमकिंग वेगळी आहे.

सहा वर्षांपूर्वी मीही तेच करत होतो. .३०८ काडतुसाची रायफल, १६८ ग्रेनची मॅच गोळी, अंतर १२० यार्ड, मादी आडवी उभी. फऱ्याच्या मागे, जिथे धरली तिथेच लागली. ती दचकली आणि झाडीत गेली. रक्ताचे दोन थेंब, मग काहीच नाही. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. आत जायचं भोक पेन्सिलीएवढं, बाहेर पडायचंही तेवढंच. रात्रभर ती किती वेळ जिवंत होती कोण जाणे. मांस टाकून द्यावं लागलं. त्याच डब्यातल्या गोळीने महिन्यापूर्वी एक नर जागच्या जागी पडला होता. मला छळतं ते हेच. एकाच डब्यातली एक गोळी बॉम्बसारखी फुटते आणि दुसरी सुईसारखी आरपार जाते, आणि कुठली काय करेल ते चाप ओढताना कळत नाही.

गोळी निवडताना सगळे बीसी विचारतात, म्हणजे हवेतून जाताना गोळी आपला वेग किती टिकवते तो आकडा. शिकारीला आधी विचारायचा आकडा म्हणजे उमलायला किमान किती वेग लागतो. १४० ग्रेनची ६.५ नळीतून साधारण २७०० फूट प्रति सेकंदाने सुटते आणि ५०० यार्डांवर दोन हजारांच्या आसपास येते. त्या वेगाला तुमची गोळी उमलते का? हे माहीत नसेल तर बीसी पाठ असून काय उपयोग?

तिसरा नेम

ती पोस्ट माझी होती, तेव्हा उत्तरही मीच देतो.

अठरा हरणं. सगळी मॅच गोळीने. एकही हरवलं नाही. तुमची एक मादी आणि माझी अठरा, हिशोब तुम्हीच करा.

आणि 'त्यासाठी बनवलेली नाही' हे काय आहे? बर्गर कंपनीची व्हीएलडी मुळात टार्गेटचीच गोळी. शिकाऱ्यांनी वापरली, त्यांना आवडली, म्हणून आज ती 'हंटिंग' नावाने मिळते. दोन-तीन इंच आत जाते, मग फुटते, फुप्फुसांचा लगदा करते. उमलण्याबिमलण्याची गरजच पडत नाही. तुम्ही १६८ ग्रेनची जुनी जाड गोळी घेतलीत आणि सगळ्या मॅच गोळ्यांना शिक्षा ठोठावलीत.

आडवा वारा

बर्गर दोन व्हीएलडी विकते. टार्गेटवालीचं जॅकेट जाड, हंटिंगवालीचं पातळ. बनवणाराच फरक करतो. तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

आणखी एक. विस्तारणाऱ्या गोळ्यांना युद्धात बंदी घालणारा हेगचा जाहीरनामा १८९९ चा. तरीही अमेरिकी सैन्याच्या कायदेतज्ज्ञांनी १९९० साली उघड्या टोकाच्या मॅच गोळीला मान्यता दिली. कारण काय दिलं? ते भोक उमलण्यासाठी नाही, अचूकपणासाठी आहे. ज्या गुणामुळे ती युद्धात चालते, त्याच गुणामुळे ती हरणाला नको.

जुना माग

तुम्ही दोघं गोळीवरून भांडताय. माझं म्हणणं, ५०० यार्ड हा आकडा तोंडातून निघतोच कसा?

ताशी १० मैलांचा आडवा वारा ६.५ च्या चांगल्या गोळीला ५०० यार्डांवर सुमारे १५ इंच ढकलतो. हरणाच्या काळजा-फुप्फुसांची जागा आठ-दहा इंचांची. वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला तरी गोळी कडेला किंवा पोटात. त्यात गोळी पोचायला साधारण ०.६५ सेकंद लागतात. चरणारं हरीण तेवढ्यात एक पाऊल टाकतं. ते पाऊल कुठल्या डब्यावर लिहिलेलं असतं?

चाळीस वर्षं झाली, माझी मर्यादा २५० यार्ड. त्यापुढे असेल तर मी चालत जातो, आणि जाता आलं नाही तर ते हरीण त्या दिवशी माझं नव्हतं. टार्गेटवर हवं तितकं लांब मारा, कागदाला पोट नसतं.

शून्य शंभर

जुना मागशी शंभर टक्के सहमत, पण मूळ पोस्टमधली एक गोष्ट कुणीच पकडली नाही. 'हजार यार्डांवर लागते' हे कशावरून? तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून, म्हणजे कागदावर त्या किती जवळजवळ बसल्या त्यावरून? माझं डोकं फिरतं ते इथे. तीन गोळ्या अर्ध्या इंचात बसल्या की लोक फोटो टाकतात आणि तोच रायफलचा स्वभाव समजतात. त्याच रायफलने दहा मारा, तोच ग्रुप दीड-दोन पट झालेला दिसेल. तीन गोळ्यांवरून काही सांगताच येत नाही.

आणि .३०८ चा विषय निघालाच आहे तर, १६८ ग्रेनची ती जुनी मॅच गोळी हजार यार्डांचीही नाही. तिच्या शेपटीचा, म्हणजे मागच्या निमुळत्या भागाचा, उतार १३ अंशांचा. ध्वनीच्या वेगाजवळ आली की डळमळते, आणि .३०८ मधून तशी वेळ हजार यार्डांच्या आधीच येऊ शकते. १७५ ग्रेनवालीचा उतार ९ अंशांचा, ती निभावून नेते. म्हणजे टार्गेटसाठीसुद्धा 'मॅच' एवढा शब्द वाचून गोळी घेता येत नाही.

बीसीचंही तेच. तो सांगायची जी-१ आणि जी-७ अशी दोन मापं आहेत. ६.५ च्या एका १४० ग्रेन मॅच गोळीचा .६४६ हा जी-१ चा आकडा आहे. लांब शेपटीच्या गोळीला जी-७ बघायचा असतो, तिथे तीच गोळी .३२६ येते. एकीचा जी-१ आणि दुसरीचा जी-७ घेऊन तुलना करणारे मी इथेच पाहिलेत.

ताम्रपट

एवढं लिहिलंत, पण त्या फुटलेल्या गोळीचं शिसं जातं कुठे, हे एकानेही विचारलं नाही. 'फुप्फुसांचा लगदा करते' म्हणे. शिशाचाही करते.

माझा भाऊ पशुवैद्य आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्याच एका हरणाचे खिम्याचे पुडे त्याच्या एक्स-रे यंत्राखाली ठेवले. मी स्वतः कापलेलं मांस, जखमेचा भाग काढून टाकलेला. तरी पांढरे ठिपके दिसले, जिभेला न लागणारे. ते पुडे माझ्या मुली खाणार होत्या. त्या दिवशी शिशाच्या गोळ्या बंद केल्या.

मी एकटा नाही. २००८ साली नॉर्थ डकोटात गरजूंना वाटण्यासाठी दान आलेलं हरणाचं मांस शिशामुळे फेकून द्यायला सांगितलं होतं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही, तिथे कॉन्डर गिधाडं मागे टाकलेलं मांस खाऊन मरत होती. अख्ख्या तांब्याची बार्न्स एक्स १९८९ पासून बाजारात आहे. फुटत नाही, चार पाकळ्या उघडते, वजन जवळपास तेवढंच राहतं.

तिसरा नेम

आला तांबेवाला. गोळी कुठली घ्यायची हा प्रश्न होता.

तांबं शिशापेक्षा हलकं. त्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळीला नळीच्या आतल्या, गोळीला गरगर फिरवणाऱ्या खाचांचा पीळ जास्त लागतो. माझ्या जुन्या .३०८ ला बारा इंचांत एक पीळ आहे, त्यात लांब तांब्याच्या गोळ्या कागदावर आडव्या लागल्या. आणि वेग १८०० च्या खाली गेला की तुमच्या पाकळ्या मिटलेल्याच राहतात. मग आडवा वाराच्या मादीसारखंच होणार, फरक एवढाच की गोळी महाग.

ताम्रपट

शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९, हे मलाही माहीत आहे. म्हणूनच तांब्यात तेवढंच वजन मागायचं नसतं. ६.५ मध्ये १४० ऐवजी १२७ ग्रेन घ्या. हलकी म्हणून वेगाने सुटते आणि आठ इंचांच्या पिळाला छान बसते. जुन्या रायफलीत चुकीची गोळी तुम्ही घातलीत, दोष धातूचा नाही.

किमान वेगाचा मुद्दा खरा आहे, तो नाकारत नाही. म्हणून मी ३०० यार्डांपुढे चाप ओढत नाही.

जुना माग

शिशाच्या गोळीने मारलेलं हरीण चाळीस वर्षं खातोय. माझे वडील खात होते. मला काही झालेलं नाही. हे नवं भय आहे, आणि असल्या भयावर नव्या गोळ्या विकल्या जातात.

ताम्रपट

तुम्हाला झालं नाही हे तुम्हाला कसं कळलं? रक्त तपासलंत? मोठ्या माणसाचं सोडा. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित अशी पातळी आजवर ठरवता आलेली नाही, जागतिक आरोग्य संघटना तेच सांगते. शिसं मुलांच्या मेंदूवर बसतं. ते खोकल्यासारखं बाहेर दिसत नाही. 'मी खाल्लं, मी ठीक' हे तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षाही वाईट आहे. तो ग्रुप एका गोळीचा आहे.

जुना माग

वडिलांपर्यंत जायचं कारण नव्हतं.

ताम्रपट

वडिलांना तुम्ही आणलंत, मी नाही. आणि माझ्या मुलींच्या ताटाबद्दल मी हळू आवाजात बोलणार नाही.

पायवाट

दोघेही जरा थांबा.

मी पंचवीस वर्षं नोस्लर पार्टिशन वापरतोय. जॉन नोस्लर १९४६ साली मूस, म्हणजे थंड प्रदेशातलं अजस्र हरीण, मारायला गेले, तेव्हाच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या जाड चामड्यावरच फुटल्या, आत गेल्याच नाहीत. म्हणून त्यांनी मध्ये भिंत असलेली गोळी केली. पुढचा भाग उमलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. १९४८ पासून विकतात. बीसी सामान्य, टार्गेटवर तिला कुणी बक्षीस देणार नाही. पण जवळ असो की २५० यार्डांवर, ती काय करेल ते मला आधीच ठाऊक असतं. शिकारीच्या गोळीकडून मला एवढंच हवं.

तिच्या पुढच्या भागातलं शिसं मांसात उतरतं, ताम्रपटचं ते बरोबर आहे. आमच्या घरात दोन लहान नातवंडं आहेत. पुढच्या मोसमाचं बघावं लागेल.

आडवा वारा

पायवाटने माझं सगळं म्हणणं चार ओळींत सांगितलं. आधीच ठाऊक असणं.

तिसरा नेम, एक विनंती. अठरा हरणांची नोंद ठेवली असेल तर परत वाचा. कुठे लागली आणि नंतर किती पावलं धावलं, एवढंच.

तिसरा नेम

वाचली. वही आहे माझ्याकडे.

अठरापैकी बारा जागीच किंवा वीस पावलांत. चार थोडी धावली. उरलेल्या दोघांपैकी एक तीनशे पावलं गेलं, रक्त नाही. ताजा बर्फ होता म्हणून पायांच्या ठशांवर सापडलं. दुसऱ्याला फऱ्याच्या हाडावर लागली, गोळी वरच्या वर फुटली, दुसरी मारावी लागली. दोन्हींच्या पुढे मी 'नशीब' असं लिहिलं होतं. तेव्हा 'नशीब' लिहून मी पान उलटलं होतं.

ठीक आहे. अठरात दोन. हरवलं एकही नाही हे अजूनही खरं, पण बर्फ नसता तर एक हरवलं असतं. यंदा हरणासाठी १४३ ग्रेनची ईएलडी-एक्स ही शिकारीची गोळी घेतोय. मॅचवालीसारखाच आकार, तसंच प्लॅस्टिकचं टोक, पण आत शिसं धरून ठेवणारी कडी आहे. कागदावर माझी १४० मॅचच राहणार. आणि ५०० यार्डांचं मी कबूल केलेलं नाही. वारा नसेल आणि हरीण बसलेलं असेल तर मी मारू शकतो.

शून्य शंभर

१४० चा झीरो, म्हणजे तिच्यासाठी जुळवून ठेवलेला नेम, १४३ ला धरू नका. तीनच ग्रेनचा फरक म्हणून लोक तसेच निघतात. माझ्या रायफलीत १६५ आणि १६८ शंभर यार्डांवर दीड इंच वेगळ्या पडतात. निदान दहा मारून बघा. नळी थंड असताना सुटणारी पहिली गोळी कुठे जाते तेही वेगवेगळ्या दिवशी पाहून लिहून ठेवा, हरणावर तीच सुटणार आहे.

जुना माग

वारा नसतो असा पाचशे यार्डांचा माळ मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. तुमच्यापाशी नसला तरी मधल्या घळीत असतो.

ताम्रपट, मुलांचं तुम्ही म्हणता ते डोक्यात राहिलंय. मी स्वतः बदलणार नाही, माझं वय झालं. थोरल्याच्या घरी जे पुडे जातात त्यांचं काय करावं ते सांगा.

ताम्रपट

जखमेच्या कडेपासून निदान दोन विती सगळीकडून कापून टाका, रक्त साकळलेला भाग तर अजिबात ठेवू नका. नुसतं धुऊ नका, पाण्याने कण आणखी पसरतात. फऱ्याचा आणि बरगड्यांचा खिमा मुलांच्या घरी पाठवू नका, मागच्या मांड्या पाठवा. आणि खिम्याचं यंत्र आधी तुमच्या पुड्यांना वापरलं असेल तर त्यांच्यासाठी वेगळं घ्या.