साईडबर्न, कल्ले की गलमिशा?

मुलाच्या शाळेतून मेसेज आला, केस बारीक हवेत आणि साईडबर्न कानाच्या निम्म्यापर्यंतच. मुलगा सातवीत. साईड त्याला कळलं पण बर्न कशाला, तिथे काय भाजतं का असं विचारायला लागला, आणि मी ठोकून दिलं की वस्तरा फिरवल्यावर आग होते ना म्हणून. त्याला पटलं, मलाच पटेना. रात्री शोधत बसलो तर बर्नचा जळण्याशी काडीचा संबंध नाही, ते एका माणसाचं आडनाव आहे आणि तेही उलटं करून टांगलेलं.

अँब्रोज बर्नसाईड. जन्म १८२४, अमेरिकेतल्या इंडियानात. पोरवयात शिंप्याच्या हाताखाली उमेदवारी केली, मग वडिलांच्या वशिल्याने वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला आणि १८४७ ला पास झाला. पुढे नोकरी सोडून ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावी बंदुकांचा कारखाना काढला, कारण मागून काडतूस भरायची एक कार्बाईन, म्हणजे आखूड नळीची बंदूक, त्याने स्वतः डोकं लढवून बनवली होती. पण सरकारी कंत्राट हातचं गेलं, काँग्रेसच्या म्हणजे अमेरिकी संसदेच्या निवडणुकीला उभा राहिला तिथे दणकून आपटला, त्यात कारखान्याला आग लागली (म्हणजे बर्न झालंच एका अर्थी), पेटंटं दुसऱ्यांच्या नावावर करून द्यावी लागली आणि हा गडी रेल्वेत खजिनदाराची नोकरी करायला लागला. आणि मग अमेरिकेतल्या यादवी युद्धात तीच कार्बाईन ५० हजारांवर खपली, तोवर पेटंट दुसऱ्याच्या खिशात! आपल्याकडे असं झालं तर घरातले लोक जन्मभर बोलून दाखवतील.

युद्धात जनरल, नंतर ३ वेळा ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर, १८७१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला अध्यक्ष, १८७५ पासून मरेपर्यंत म्हणजे १८८१ पर्यंत सिनेटर. एवढं सगळं करून लोकांच्या तोंडी राहिलं काय तर गालावरचे केस.

तर प्रश्न असा की मराठीत याला काय म्हणायचं? आमचे बाबा कल्ले म्हणायचे. बायको म्हणते कल्ले माशाला असतात.

प्रतिसाद:
वहिनींचं बरोबर आणि तुमच्या बाबांचंही. कल्ला म्हणजे मुळात गाल, जबडा, शब्द फारसीतून आलाय, हिंदीत अजूनही जबड्याला कल्ला म्हणतात. त्या जागेवरच्या केसांना तेच नाव पडलं आणि माशाच्या डोक्याच्या बाजूला जे असतं त्यालाही. बाजारात सुरमई घेताना अंगठ्याने कल्ला उचलून आत लालभडक आहे का बघतो ना, तोच. तपकिरी पडला असेल तर मावशी कितीही ताजी म्हणू देत, पुढे चालायचं. गोंगाटवाला कल्ला वेगळा, तो यात घुसडू नका. आणि केसांचे कल्ले नेहमी अनेकवचनीच, एक कल्ला ठेवलाय असं कोणी म्हणत नाही, अर्धी दाढी करून लाईट गेली तर गोष्ट वेगळी.

प्रतिसाद:
थांबा थांबा, या बर्नसाईडचा फोटो बघितलात का नीट? ते कल्ले नाहीतच. कल्ले कानापासून खाली उतरतात आणि गालावर कुठेतरी थांबतात. याचे केस कानापासून निघून गालावरून झुपक्याने पुढे येतात आणि थेट मिशीला मिळतात, हनुवटी मात्र चकचकीत तासलेली. त्याला मराठीत स्वच्छ शब्द आहे, गलमिशा. म्हणजे ज्याच्या नावावरून साईडबर्न आलं त्याला स्वतःला आजच्या अर्थाने साईडबर्न नव्हतेच! आधी गलमिशा असलेला तो अर्थ आक्रसत आक्रसत शाळेच्या नियमातल्या बोटभर पट्टीवर आलाय. म्हणून माझं मत, शाळेच्या मेसेजला कल्ले आणि जनरलसाहेबांना गलमिशा.

प्रतिसाद:
पण उलटं कसं झालं? नखलौ-लखनौसारखा वर्णविपर्यय म्हणायचा का?

प्रतिसाद:
नाही हो, तिथे अक्षरं जागा बदलतात, इथे शब्दाचे दोन अख्खे तुकडे बदललेत. आधी इंग्रजीत बर्नसाईड्सच म्हणायचे. १८८० नंतरच्या काळात साईडबर्न्स दिसायला लागतं, तोवर हा गृहस्थ वारलेला, नव्या पिढीला बर्नसाईड कोण ते माहीत असायचं कारण नाही. केस तर गालाच्या साईडला, आणि साईड-व्हिस्कर्स हा गालावरच्या केसांचा शब्द आधीपासून वापरात, मग लोकांनी साईड उचलून पुढे आणलं. न कळणाऱ्या शब्दाला कळेल असं वळण द्यायचं, याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. धागाकर्त्याने मुलाला जे वस्तऱ्याचं सांगितलं ती पण लोकव्युत्पत्तीच, फक्त घरगुती. आपला हापूस बघा, आफोन्सो दि अल्बुकर्कच्या नावावरून आला म्हणतात, पण पेटी फोडताना कोणाला पोर्तुगीज आठवतो?

धागाकर्ता:
हापूस मस्त. अजून एक सापडलं ते टाकतो. या माणसाचं नाव तीन जागी चिकटलंय, कार्बाईनला, पुलाला आणि केसांना, त्यातलं केसांचं तेवढं उलटं. पुलाची गोष्ट तर फारच. १७ सप्टेंबर १८६२, त्याच यादवी युद्धातली अँटिएटमची लढाई. ओढ्यावर अरुंद दगडी पूल, पलीकडच्या चढावर शत्रूचे, म्हणजे दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्याचे जेमतेम काहीशे बंदूकवाले, आणि हा पठ्ठ्या सकाळपासून त्या पुलावरूनच तुकड्या पाठवतोय, पूल हातात यायला दुपारचा एक वाजला. ओढा काही ठिकाणी चालत ओलांडण्याइतका उथळ होता! त्या पुलाला आज बर्नसाईड ब्रिज म्हणतात, सुलट. तीन महिन्यांनी फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत तर त्याच्या सैन्याची साडेबारा हजारांच्या वर माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. मात्र एक मानलं पाहिजे, एवढ्या मोठ्या सैन्याचा सेनापती व्हायची आपली लायकी नाही असं तो आधी स्वतःच सांगत होता, दोनदा नकार दिला, तरी गळ्यात घातलंच.

प्रतिसाद:
इतकं खरं बोलणारा पुढे राजकारणात निवडून आला, हे मला गलमिशांपेक्षा नवलाचं वाटतं. बाकी शब्द म्हणून गलमिशाला माझंही मत. साईडबर्नला गालपट्टी वगैरे नवीन काही पाडू नका प्लीज, कल्ले आहे की चांगला.

धागाकर्ता:
ठरलं मग, कल्ले. काल मुलाला सलूनमध्ये घेऊन गेलो, वाटेत दोनदा घोकून घेतलं, विचारलं तर कल्ले अर्धा कान असं सांगायचं. खुर्चीवर फळी टाकून बसवला, कापड बांधलं, कारागीर गोरखपूरचा, त्याने कानाच्या मधोमध बोट टेकवलं आणि विचारलं, "कलम कितना रखना है?" मुलगा आरशातून माझ्याकडे बघत बसला.