अनुभव धागा : वृद्ध शुश्रूषा केंद्रातील छळ आणि हेळसांड – तुम्हाला काय दिसले, तुम्ही काय केले?

१५ जून हा दिवस ज्येष्ठांच्या छळाविषयी जागृती व्हावी म्हणून जगभर पाळला जातो. त्या निमित्ताने होणाऱ्या चर्चेत बहुधा घरातल्या छळाचाच विचार होतो. ज्यांना आपण विश्वासाने एखाद्या केंद्राच्या हाती सोपवलेले असते, त्यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, जिथे विश्वासाची अपेक्षा आहे अशा नात्यात ज्येष्ठाला इजा किंवा त्रास होईल असे कृत्यच नव्हे, तर आवश्यक ते न केल्याने होणारा त्रास हाही छळ ठरतो. केंद्रातील हेळसांड या दुसऱ्या प्रकारात मोडते आणि म्हणूनच ती पटकन ध्यानात येत नाही.

आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. केंद्राचे किंवा व्यक्तीचे नाव लिहू नये. काय दिसले, त्याचा अर्थ कसा लावला, कोणाला सांगितले आणि पुढे काय झाले, एवढे यावे. शंका निराधार ठरली असेल, तर तेही अवश्य लिहावे.

एक मुलगी

पक्षाघातानंतर माझ्या आईला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती, त्यामुळे ते काम पूर्णपणे सेविकांवर अवलंबून होते. एका भेटीत चादर बदलताना तिच्या माकडहाडावर तळहाताएवढा काळपट भाग दिसला. सेविका म्हणाली, “ताई, डायपरमुळे आलेला चट्टा आहे, पावडर लावली की जाईल.” मी बोटाने दाबून पाहिले. निरोगी त्वचा दाबल्यावर क्षणभर फिकट होते आणि पुन्हा पूर्ववत होते. दाबूनही रंग बदलला नाही, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे बेडसोरची, पहिली पायरी असू शकते. सावळ्या त्वचेवर लालसरपणा नीट दिसत नाही, म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा दुखरी लागते का, हेही पाहावे लागते. आईच्या टाचांचीही तीच अवस्था होती.

मी कूस बदलल्याच्या नोंदींचा तक्ता मागितला. रात्रीसकट दर दोन तासांची नोंद होती, एकही रकाना रिकामा नव्हता. परंतु सगळ्या पाळ्यांच्या सह्या एकाच हस्ताक्षरात होत्या, आणि ज्या दुपारी मी स्वतः आईला तपासणीसाठी रुग्णालयात नेले होते, त्या दुपारीही केंद्रात तिची कूस नियमितपणे बदललेली होती! मला जखमेपेक्षा हा तक्ता अधिक गंभीर वाटला. अखेरच्या आजारातल्या रुग्णाला उत्तम काळजी घेऊनही शय्याव्रण होऊ शकतात, हे मला ठाऊक होते. त्यामुळे केवळ जखमेवरून मी कोणावर आरोप केला नसता. खोटी नोंद मात्र कोणीतरी बसून करावी लागते.

त्याच दिवशी मी जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढले, तक्त्याची प्रत घेतली आणि बाहेरच्या डॉक्टरांना बोलावून जखमेची लांबी, रुंदी आणि पायरी त्यांच्याकडून लिहून घेतली. व्यवस्थापकांना दिलेल्या पत्रात आरोप न करता प्रश्न विचारले: जखम प्रथम कोणाच्या लक्षात आली, त्या रात्री त्या मजल्यावर किती कर्मचारी होते, हवेची गादी का दिली नाही. तोंडी विचारल्यावर “आम्ही लक्ष देतोच” असे उत्तर मिळाले होते. लेखी प्रश्नांना मात्र तसे उत्तर देता येईना. गादी आली, रात्रपाळीला आणखी एक सेविका आली. त्यानंतर जखम “सुधारते आहे” असे कोणी म्हटले, की मी आधीचे माप दाखवून आजचे माप विचारत असे.

एक निवृत्त परिचारिका

अंगावरचा प्रत्येक डाग म्हणजे मारहाण नव्हे, हे आधी सांगते. वयाबरोबर त्वचा पातळ होते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या नाजूक होतात, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर हाताच्या मागच्या बाजूला किंवा कोपरापासून मनगटापर्यंत जांभळे डाग साध्या धक्क्यानेही उमटतात. एका आजोबांचे चिरंजीव असे डाग पाहून अत्यंत संतापले होते. आम्ही औषधांची यादी आणि जुन्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या, तेव्हा तेच डाग घरी असतानाही येत असत, हे त्यांच्या पत्नीनेच सांगितले.

डाग कुठे आहे आणि कसा आहे, हे मी पाहत असे. अपघाताने झालेले बहुतेक डाग हातापायांवर असतात. मान, कान, छाती, पाठ, नितंब किंवा मांडीच्या आतल्या बाजूचा डाग मात्र स्पष्टीकरण मागतो. दोन्ही दंडांवर बोटांच्या आकाराच्या खुणा असतील तर कोणीतरी घट्ट धरले होते; मनगटाभोवती कड्यासारखा व्रण असेल तर बांधले असण्याची शक्यता असते. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून त्यावर वाद घालू नये. त्यापेक्षा रुग्ण काय सांगतो, सेविका काय सांगते आणि नोंदवहीत काय लिहिले आहे, या तिन्हींचा मेळ बसतो का, ते पाहावे.

लैंगिक अत्याचाराविषयी लिहायला लोक कचरतात, पण ते घडतात, अगदी वयोवृद्ध आणि स्मृतिभ्रंश झालेल्या स्त्रीपुरुषांच्या बाबतीतही. अंतर्वस्त्रावर रक्त, बसताना अकारण वेदना किंवा गुप्तरोगाची नवी लक्षणे दिसली, तर रुग्णाला आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, ताबडतोब रुग्णालय आणि पोलीस गाठावेत. अशा वेळी व्यवस्थापकांच्या अंतर्गत चौकशीची वाट पाहत बसण्याचे काहीही कारण नाही.

एक नातू

आमच्या आजोबांना स्मृतिभ्रंश होता. केंद्रात गेल्यानंतर ते “खूप शांत झाले” म्हणून सगळे समाधानी होते. मला ती शांतता खटकली, कारण दुपारी जेवतानाही त्यांचे डोळे मिटत, बोलणे जड झाले होते आणि घास तोंडातच राहत असे. औषधांची यादी मागितली तेव्हा तीत तीव्र मनोविकारावरील (अँटिसायकोटिक) एक औषध आढळले. ते कोणत्या कारणासाठी, कोणाच्या परवानगीने सुरू केले, याची नोंद नव्हती. संध्याकाळी ते येरझाऱ्या घालतात आणि कर्मचारी कमी पडतात, एवढेच तोंडी कारण मिळाले.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये ही औषधे मृत्यूचा धोका वाढवतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांसाठी दिला आणि २००८ मध्ये जुन्या औषधांनाही लागू केला. ज्या १७ चाचण्यांवरून तो दिला गेला, त्यांत औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे १.६ ते १.७ पट आढळला होता. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, तर डॉक्टर विचारपूर्वक ही औषधे देतात, त्याला माझी हरकत नाही. पण कर्मचाऱ्यांची सोय व्हावी म्हणून गुंगी देणे हे पट्ट्याने खुर्चीला बांधण्याइतकेच गैर आहे, फक्त पट्टा दिसतो. आम्ही औषध स्वतः बंद केले नाही, कारण ते अचानक थांबवणेही धोक्याचे ठरू शकते. बाहेरच्या वृद्धरोगतज्ज्ञांनी मात्रा हळूहळू कमी केली. आजोबा पुन्हा येरझाऱ्या घालू लागले आणि पुन्हा नीट जेवू लागले.

एका रहिवाशांचा भाचा

थोडक्यात लिहितो. मामांचा चष्मा कपाटात, श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली, कवळी डबीत आणि बोलावण्याची घंटा हात पोहोचणार नाही इतकी दूर. ओरखडा एकही नव्हता. “त्यांना आता काही कळत नाही” असे सेविका म्हणत होत्या. बॅटरी बदलून चष्मा लावल्यावर मामांनी मला नावाने हाक मारली.

धागाकर्ती

शेवटचा अनुभव महत्त्वाचा आहे, कारण तक्रारीच्या भाषेत या गोष्टी क्षुल्लक ठरतात. केंद्रात काम करणाऱ्यांपैकीही कोणी लिहिले तर बरे होईल.

एक सेविका

मी लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, अशा संस्थांतील दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी मागील वर्षभरात आपल्या हातून कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ घडल्याचे सांगितले आहे. हा आकडा वाचून मला आश्चर्य वाटले नाही. रात्री एका मजल्याला एकच बाई असेल, तर एकाला शौचाला नेताना दुसऱ्याची घंटा वाजत राहणारच. मग काही जणी संध्याकाळनंतर पाणीच कमी देतात, म्हणजे लघवीला उठवावे लागत नाही. म्हातारपणी तहानेची जाणीव मुळातच मंदावलेली असते, त्यामुळे रुग्णही मागत नाही. कोरडी जीभ, गडद लघवी आणि एकाएकी वाढलेला गोंधळ दिसला, की नातेवाइकांनी पाण्याचा हिशेब विचारावा. हातावरची त्वचा चिमटीत धरून पाहण्याची पद्धत वृद्धांमध्ये फसवी ठरते, कारण ती एरवीही सैल असते. वजनही विचारावे. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घटले असेल, तर कारण शोधलेच पाहिजे.

माणसे कमी असणे हे कारण आहे, सबब नव्हे. त्याच पाळीत, तेवढ्याच कामात, एक बाई आजींना हळू वळवते आणि दुसरी हिसका देऊन वळवते, हे मी पाहिले आहे आणि त्या दुसरीविषयी लेखी कळवलेही आहे. त्यानंतर काही काळ माझ्याशी कोणी बोलत नव्हते. नातेवाइकांना माझे सांगणे असे, की दर रविवारी दुपारी ठरल्या वेळी येऊ नका. पाळी बदलताना, रात्रीच्या जेवणाच्या वेळी किंवा सुट्टीच्या दिवशी या.

एक रहिवासी

मी गेली काही वर्षे अशा केंद्रात राहते. लिहिता-वाचता येते, डोके शाबूत आहे, म्हणून लिहीत आहे. आम्ही मुलांना का सांगत नाही, याचे उत्तर सोपे आहे: मुले तासाभराने जातात आणि रात्री मला उचलणारी तीच व्यक्ती येते. इथे एकदा शेजारच्या खोलीतील आजींच्या मुलाने सगळ्यांसमोर एका कर्मचाऱ्याला आईचे नाव घेऊन दरडावले. त्यानंतर आजींची घंटा वाजली तरी उत्तर यायला फार वेळ लागू लागला.

म्हणून विचारायचे असेल तर एकांतात विचारावे, दार लावून, घाई न करता. “तुला कोणी मारते का?” असे विचारले तर मी नाहीच म्हणेन. “रात्री उठायचे असेल तर काय करतेस?”, “आंघोळ कोण घालते, त्या वेळी कसे वाटते?” असे विचारले तर बरेच काही निघते. ज्यांना घटना आठवत नाहीत, त्यांनाही भीती आठवते. विशिष्ट माणूस खोलीत आल्यावर कोणी हात आखडून घेत असेल किंवा बोलता बोलता गप्प होत असेल, तर ते लक्षात ठेवावे. भेटीला आलेल्या माणसाला कधीच एकटे भेटू देत नसतील, तर तेही. आणि आम्ही जे सांगू ते आमच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे.

एक मुलगा

तक्रारीनंतर काय होते, याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. वडिलांना एका कर्मचाऱ्याने थोबाडीत मारल्याचे त्यांच्या खोलीतील दुसऱ्या गृहस्थांनी मला सांगितले. जिवाला धोका असेल तर थेट पोलिसांकडे जावे. माझी पहिली मागणी एवढीच होती, की चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या कर्मचाऱ्याने वडिलांच्या खोलीत पाऊल ठेवू नये. ती त्याच संध्याकाळी मान्य झाली. त्यानंतर मी व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार देऊन पोच घेतली आणि केंद्राला परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे प्रत पाठवली. व्हरांड्यातील कॅमेऱ्याचे चित्रीकरण ठरावीक काळाने आपोआप पुसले जाते, म्हणून ते जतन करण्याची मागणी पहिल्याच पत्रात केली होती. तिचा उपयोग झाला, कारण तो कर्मचारी आपण त्या वेळी खोलीत गेलोच नव्हतो असे म्हणत होता.

वडिलांना दुसरीकडे हलवावे का, यावर घरात मतभेद झाले. जागा बदलली की वृद्ध माणसाचा गोंधळ वाढतो, पडण्याचा धोकाही वाढतो, हे डॉक्टरांनी सांगितले होते. शेवटी वडिलांनाच विचारले. त्यांनी तीच खोली मागितली, कारण साक्ष देणारे ते गृहस्थ तिथेच होते. कर्मचाऱ्याला काढून टाकण्यात आले. परवाना कार्यालयाच्या तपासणीत इतर मजल्यांवरच्या त्रुटीही निघाल्या आणि त्या दुरुस्त झाल्याचा अहवाल केंद्राला द्यावा लागला. त्या अहवालाची प्रत मी मागून घेतली आहे. भेटीला गेलो की त्यातील एकेक मुद्दा प्रत्यक्ष पाहतो. रात्रपाळीच्या नोंदवहीबाबतचा मुद्दा अजून पूर्ण झालेला नाही, आणि त्याविषयी दुसरे पत्र दिले आहे.