अनुभव धागा: हार्डडिस्क जायला लागली तेव्हा तुम्ही काय केलंत?

बाबा इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये होते. १९९१मध्ये मिल बंद पडली. पुढे त्यांनी अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बांधणाऱ्या जुन्या सोबत्यांना एकेक करून घरी बोलावलं आणि त्यांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या. ४१ रेकॉर्डिंगं, सगळी एकाच ५०० जीबीच्या डिस्कवर. बाबा आता नाहीत. गेल्या आठवड्यात कॉम्प्युटर सुरू व्हायलाच वीस मिनिटं लागली, फोल्डर उघडलं की हँग. मी तीनदा रीस्टार्ट केला, विंडोजने सुचवलेली डिस्कची तपासणीही लावली. आता वायर काढून ठेवली आहे आणि हात लावायची भीती वाटते. इंदूरच्या आणि बाहेरच्याही मंडळींनी स्वतःवर गुजरलेलं लिहा. ऐकीव नको. काय वाचलं, काय गेलं, तेही सांगा.

जेल रोड, रिपेअरिंगचं काम
ताई, वायर काढलीत ते फार चांगलं केलंत. ती तपासणी, म्हणजे चेकडिस्क, पुन्हा लावू नका. ते दुरुस्तीसाठी त्याच डिस्कवर लिहायला जातं, आणि खराब जागांवर हेड (डिस्क वाचणारा भाग) पुन्हापुन्हा नेतं. आजारी डिस्क त्यातच संपते.

टक-टक आवाज येतोय का, ते आधी सांगा. येत असेल तर घरी काहीच करू नका. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते बिघडून घासायला लागलं की ज्या थरात तुमचा डेटा आहे तोच खरवडला जातो. ते काम क्लीनरूमचं, म्हणजे धूळ नसलेल्या खास खोलीतलं. दुकानात टेबलावर डिस्क उघडून दाखवणाऱ्याला ती देऊ नका, मी स्वतः या धंद्यात असून सांगतो.

आवाज नसेल तर स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) दोन आकडे बघा, ५ आणि १९७ नंबरचे. ५ म्हणजे खराब निघाले म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचताना अडलेले. तो वाढत असेल तर फाइली एकेक ओढत बसू नका, अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घ्या. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून डीडीरेस्क्यू हा नक्कल घेणारा प्रोग्राम चालवा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेला सोडून पुढे जातं आणि शेवटी त्याच्याकडे परत येतं. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद) दिलीत तर मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होतं. जुनी डिस्क कुठली, नवी कुठली, हे मॉडेल नंबर वाचून ठरवा. उलट झालं तर रिकाम्या डिस्कची इमेज तुमच्या रेकॉर्डिंगांवर चढेल.

सुदामानगर
मी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली होती, कुणीतरी सांगितलं म्हणून. बाहेर काढल्यावर तिला दव धरलं, तशीच लावली. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. कृपया करू नका.

रामबाग, निवृत्त शिक्षिका
माझी डिस्क खराब नव्हती, चुकून फॉरमॅट झाली होती. भाच्याने फोटोरेक हे गेलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून फाइल ओळखतं, म्हणून नावं आणि फोल्डर सगळे गेले. हजारो फाइली, नुसते नंबर. मुलांसाठी लिहिलेल्या नाटुकल्या उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा. खराब झाल्या समजून मी निम्म्या डिलीट केल्या. मग लक्षात आलं की त्या श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या होत्या, नव्या कॉम्प्युटरवर फॉन्टच नव्हता! जुनं मराठी लिखाण असेल तर आधी फॉन्ट टाका.

लग्नाचे फोटो काढतो
काकू म्हणतात ते हार्डडिस्कचं. एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) डिलीट केलेलं बहुतेक वेळा परत मिळत नाही, ट्रिम नावाच्या सोयीमुळे ती जागा आतून साफ होते. माझं एक अख्खं लग्न असं गेलं.

विजयनगर
बाहेरच्या डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला, तिला १२ हवे होते. बोर्ड जळला. त्याच मॉडेलचा बोर्ड आणून बसवला तरी चालली नाही. जुन्या बोर्डवरची रॉम चिप काढून नव्यावर बसवल्यावरच चालली, कारण त्या डिस्कची स्वतःची मापं तिच्यात असतात. चिप फेकली असती तर दहा वर्षांचे हिशेब गेले असते.

धागा सुरू करणारी
आवाज नव्हता. १९७चा आकडा २१६ होता. डीडीरेस्क्यू चालवलं, बहुतेक भाग एका संध्याकाळीच आला, उरलेल्या थोडक्यासाठी दोन दिवस लागले. ३९ रेकॉर्डिंगं पूर्ण वाजतात. काकू, बाबांची यादीही गिचमिडा दिसत होती, तुमच्यामुळे ती वाचता आली.

दोन मध्येच तुटतात. त्यातले एक काका परदेशीपुऱ्यात राहतात. झांकीतली चाकं मोटरशिवाय कशी फिरवायचे, ते सांगतानाच आवाज थांबतो. रविवारी त्यांच्याकडे जाते आहे, राहिलेलं पुन्हा विचारायला. इमेजची एक प्रत भावाकडे पुण्याला पाठवली आहे.