चिकूची वाडी, वटवाघळं आणि तंगुसाची जाळी

कालीपत्ती४५: डहाणूकडे चिकूची जुनी वाडी आहे, ४५ झाडं. रोज सकाळी अर्धवट खाल्लेली फळं खाली पडलेली असतात. शेजारी सांगतात, मासेमारीची तंगुसाची (नायलॉनच्या एकेरी बारीक दोऱ्याची) जाळी टाका आणि बांधावरची चिंच तोडा, कारण वटवाघळं तिच्यावरच लटकतात. जाळी किती आसाची (छिद्राची) घ्यावी?

रानवाटा: तंगूस नकोच. फळं खाणारी वटवाघळं नजरेवर आणि वासावर येतात, अंधारात तो दोरा त्यांना दिसत नाही. पंखाची बोटं अडकली की वटवाघूळ जितकी झटापट करेल तितका पंखाचा पडदा फाटतो. घुबडं आणि सापही त्यात अडकतात.

विणलेली पांढरी जाळी घ्या, आस ताणून ५ मिमीपेक्षा मोठा नको. करंगळी आत गेली तर ती जाळी परत करा. बांबूच्या चौकटीवर ताणून बांधा, फळांपासून फूटभर लांब. फळांना टेकली तर बाहेरूनच खातात आणि सैल पडली तर अडकतात. खालची बाजू उघडी ठेवू नका. ४५ झाडं झाकणं परवडणार नाही, तेवढी गरजही नाही. बियाण्यासाठी किंवा घरी खायला राखलेल्या फांद्या झाका.

घोलवडकर: आधी काढणी बघा. चिकू झाडावर पिकवायचा नसतोच. तयार पण कडक फळ वटवाघूळ सहसा सोडून देतं, पिकलेल्याच्या वासावर येतं. फळावरचा तपकिरी भुसा हाताने पुसला जातो का बघा, मग नखाने सालीला ओरखडा द्या. आत हिरवं दिसलं आणि चीक भरपूर आला तर थांबा, पिवळसर दिसलं तर तोडा. फेरी दर आठ दिवसांनी. शेंड्यावरची फळं राहून जातात आणि सगळी वर्दळ तिथूनच सुरू होते. उष्टी फळं खाऊ नका, गुरांनाही घालू नका, पुरून टाका.

कालीपत्ती४५: शेंड्याची फळं खरंच राहतात. आणि चिंच?

रानवाटा: चिंचेला हात लावू नका. मोठी वटवाघळं रात्रीत कित्येक किलोमीटर फिरतात. झाड गेलं तर ती दुसऱ्या झाडावर जातील आणि वाडीत तशीच येतील. फेब्रुवारी ते मे पिल्लांचा काळ, मादीला वर्षाला एकच पिल्लू. त्या दिवसांत छाटणी केली तर उडता न येणारी पिल्लं खाली पडतात आणि सावली गेली की उन्हाने मोठीही मरतात. तुमच्याकडच्या मोहाच्या फुलांचं परागीभवन हीच करतात. पूर्वी वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं 'उपद्रवी' प्राण्यांच्या अनुसूचीत (यादीत) होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढली, १ एप्रिल २०२३ पासून.

घोलवडकर: एखादं अडकलेलं सापडलं तर उघड्या हाताने धरू नका. जाड हातमोजे घाला, टॉवेलात गुंडाळा आणि पंख न ओढता जाळीच कापा. पंख फाटला असेल तर वन विभागाला कळवा. चावलं तर जखम साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.