'एक हसीना थी' की 'बदलापूर': राघवनचा कुठला सूडपट सरस?

शेवटची रांग
श्रीराम राघवनचे हे दोन्ही सिनेमे पाठोपाठ पुन्हा पाहिले. (पुढे दोन्हींचे शेवट फोडले आहेत, पाहिले नसतील तर वाचू नका.) माझं मत आता पक्कं आहे. सूडपट म्हणून २००४चा 'एक हसीना थी' २०१५च्या 'बदलापूर'च्या कितीतरी पुढे आहे.

सारिका वर्तकचा राग आपल्यासमोर घडत जातो. ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी करणारी, एकटी राहणारी साधी मुलगी. प्रियकर करणवर विश्वास टाकते, त्याच्यामुळे अडकते, वकिलाचं ऐकून गुन्हा कबूल करते आणि ७ वर्षांसाठी आत जाते. तुरुंगाचा भाग राघवनने अजिबात उरकलेला नाही. उंदराला घाबरणारी ही मुलगी तिथे हळूहळू निबर होत जाते. उर्मिला मातोंडकरचे डोळे बघा, संवाद लागतच नाहीत. तुरुंगातून पळाल्यावर शेवटी ती करणला गुहेत बांधून उंदरांच्या हवाली करते, तेव्हा अंगावर काटा येतो, पण तिथवरचं प्रत्येक पाऊल पटलेलं असतं.

'बदलापूर'मध्ये बँक दरोड्यात बायको आणि मुलगा गेल्यावर रघू (वरुण धवन) पहिल्या अर्ध्या तासातच क्रूर झालेला असतो. पुढे नुसती क्रूरता वाढत जाते.

मध्यंतर
पूर्ण असहमत. तुम्ही ज्याला गुण म्हणताय तीच 'हसीना'ची मर्यादा आहे. करण पक्का नालायक, सारिका पक्की निर्दोष. उंदीर सोडल्यावर आपण खूश होऊन घरी जातो. 'बदलापूर' ही खुशी मिळू देत नाही. पुण्यातल्या बँक दरोड्याचा तो पहिला प्रसंग आठवा. रस्त्यावर नेहमीची वर्दळ, कॅमेरा स्तब्ध, आणि बघता बघता एक कुटुंब संपतं. त्या क्षणी आपण रघूचे होतो. मग राघवन एकेक करून आपल्याकडून ती बाजू काढून घेतो. दरोडेखोरांपैकी एक असलेला हरमन आणि त्याची बायको कांचन यांचा प्रसंग संपेपर्यंत रघूकडे बघवत नाही. नायकाबद्दल अशी घृणा निर्माण करायला धाडस लागतं, तेही वरुण धवनला घेऊन!

चौथी भिंत
@मध्यंतर, धाडस मान्य, पण त्याची किंमत कोण मोजतं? दुसरा दरोडेखोर लियाक, त्याची मैत्रीण झिमली, तिच्यावर रघू राग काढतो. कांचनचा तर दरोड्यात काहीच हात नसतो, तरी नवरा घरात असताना तिचा छळ होतो आणि पुढे ती मरते. राधिका आपटे त्या प्रसंगात इतकी खरी वाटते की मला पुढचा सिनेमा धड बघता आला नाही. रघू किती घसरला हे दाखवायला दरवेळी बाईचंच शरीर लागतं, यावर माझा आक्षेप आहे. सारिकाच्या सिनेमात निदान सूत्रं तिच्या हातात आहेत, आणि तिच्या मागावर असलेली पोलीस अधिकारीसुद्धा बाईच आहे, सीमा बिस्वास.

मध्यंतर
पण तो प्रसंग तुम्हाला असह्य झाला, हेच दिग्दर्शकाला हवं होतं ना? आणि लियाकला विसरू नका. गोळी त्यानेच झाडलेली असते. १५ वर्षं आत, पोटाचा कॅन्सर, आणि बाहेर आल्यावर तो रघूने केलेले खून स्वतःच्या अंगावर घेतो. ज्याने सगळं उद्ध्वस्त केलं तो माणसात येतो आणि ज्याचं उद्ध्वस्त झालं तो जनावर होतो. नवाजुद्दीनने हे कुठेही गहिवर न काढता केलंय. असा उलटफेर 'हसीना'त नाही.

शेवटची रांग
नवाजबद्दल वाद नाहीच. पण लियाकच्या त्या निर्णयाने पटकथा रघूला सोडवते. सारिका सूड घेतल्यावर स्वतः पोलिसांसमोर हजर होते. आपण काय केलं हे तिला ठाऊक आहे आणि त्याचा हिशेब ती देते. रघू कोणाला हिशेब देतो?

मध्यंतर
कोणालाच नाही, आणि तीच त्याची शिक्षा. झिमली शेवटी त्याला हेच ऐकवते. लियाकने दिलेली दुसरी संधी घेऊन तो करणार काय? जगायला त्याच्याकडे काही उरलेलंच नाही.

चौथी भिंत
रघूच्या रिकामपणाची काळजी करायला सिनेमाकडे भरपूर वेळ आहे. कांचन मेल्यावर मात्र तिच्यासाठी रडणारं एकही माणूस पडद्यावर येत नाही. रघूच्या बायकोच्या, मीशाच्या मरणावर अख्खा सिनेमा उभा राहतो, आणि तेवढ्याच निर्दोष कांचनचं मरण एका प्रसंगात आटोपतं. सूड वाईट असतो हे खरंच सांगायचं होतं, तर कॅमेरा तिच्या घरीही जायला हवा होता.